शब्दाला जागणं

हिब्रू भाषेत ‘हेसेद’ असा एक शब्द आहे. बायबलच्या जुन्या करारात तो सुमारे अडीचशे वेळा येतो. १३६व्या स्तोत्रात तर २६ ओव्या आहेत आणि प्रत्येक ओवीच्या शेवटी तो आहेच. मराठी बायबलमध्ये त्याच्यासाठी कुठे दया येते, कुठे कृपा, कुठे करुणा. मला यातला एकही शब्द पुरेसा वाटत नाही. दया ही करणाऱ्याची मर्जी असते. हेसेदमध्ये नातं असतं, दिलेला शब्द असतो, आणि तो पाळताना मनात माया असते. मराठीत त्याच्या जवळ जाणारं क्रियापद एकच सुचतं: जागणं.

नुसता शब्द पाळणं पुरत नाही, हे इफ्ताह या योद्ध्याच्या गोष्टीत दिसतं. जिंकून परतलो तर घरातून जे प्रथम सामोरं येईल ते अर्पण करीन, असा नवस तो बोलला. डफ वाजवत, नाचत सामोरी आली ती एकुलती एक लेक. इफ्ताहने नवस फेडला. ‘शास्ते’ या पुस्तकाच्या ११व्या अध्यायातल्या या गोष्टीत हेसेद हा शब्द एकदाही येत नाही.

तो येतो दावीद आणि योनाथान यांच्यात. शौल राजा दावीदाच्या जिवावर उठला होता आणि योनाथान हा शौलाचाच मुलगा, गादीचा वारस. पुढे राज्य दावीदाकडे जाणार हे त्याने ओळखलं होतं. नवा राजा जुन्या राजाचा वंश शिल्लक ठेवत नसे, असा तो काळ. गावाबाहेर, कुणाच्या कानावर जाणार नाही अशा जागी योनाथानने दावीदाकडे हेसेद मागितलं: स्वतःसाठी, आणि आपल्यामागे आपल्या घराण्यासाठीही.

बाप-लेक दोघेही लढाईत पडले. ती बातमी आली तेव्हा योनाथानचा मुलगा मफीबोशेथ पाच वर्षांचा होता. दाई त्याला उचलून पळाली, घाईत तो पडला आणि दोन्ही पायांनी कायमचा अधू झाला.

दावीद राजा झाला. शौलाच्या घराण्यातलं कुणी उरलंय का, असं त्याने विचारलं तोवर मफीबोशेथला स्वतःचा लहान मुलगा होता. म्हणजे मधे कितीतरी वर्षं गेली होती. हा उशीर मला खटकतो. योनाथान नव्हता, साक्षीदार नव्हता, जाब विचारणारं कुणी नव्हतं. तरी राजाला शब्द आठवला, हेही तितकंच खरं. मफीबोशेथ समोर आला तो जमिनीवर पालथा पडून. स्वतःला तो मेलेलं कुत्रं म्हणाला. मारायलाच बोलावलंय, असं त्याला वाटलं असणार. राजाने त्याला भिऊ नकोस म्हटलं, आजोबाची जमीन परत दिली आणि रोज आपल्या पंक्तीला बसवलं. ही भेट सांगणाऱ्या अध्यायाचं शेवटचं वाक्य पुन्हा सांगतं की तो दोन्ही पायांनी अधू होता. हा माणूस राजासाठी तलवार धरू शकणार नव्हता. त्या पंक्तीतल्या त्याच्या जागेचं मोल मला तिथे कळतं.

बहुतेक जण गोष्ट इथेच थांबवतात. पुढे स्वतःच्या मुलाच्या, अबशालोमच्या बंडात दावीदाला यरुशलेम सोडून पळावं लागलं. वाटेत मफीबोशेथच्याच सीबा या नोकराने त्याच्यावर फितुरीचा आळ घेतला आणि राजाने शहानिशा न करता सारी जमीन सीबाला देऊन टाकली. इतकी वर्षं जपलेला शब्द एका चहाडीने डळमळला.

बंड मोडलं, राजा परतला. त्याला भेटायला मफीबोशेथ आला. राजा गेल्या दिवसापासून त्याने पायांची निगा राखली नव्हती, दाढी केली नव्हती, कपडे धुतले नव्हते. सीबाने आपल्याला फसवून मागे ठेवलं, असं त्याने सांगितलं. खरं कोण, खोटं कोण, याचा निवाडा न करता राजाने जमीन दोघांत निम्मी निम्मी वाटली. मफीबोशेथ म्हणाला, सगळीच त्याला घेऊ द्या. महाराज सुखरूप घरी आले, मला तेवढं पुरे.