थोरला भाऊ अळू

हवाईच्या आदिकथेत अळू हा माणसाचा थोरला भाऊ आहे. आकाशपिता वाकेआ आणि होओहोकुकालानी यांचे पहिले मूल मृत जन्मले. ते पुरले तिथे अळूचे रोप उगवले. दुसरे मूल जगले, त्याला थोरल्याचेच नाव दिले, हालोआ. हवाईची माणसे स्वतःला त्याचे वंशज मानतात. आपण ज्याच्या वड्या करतो तेच हे अळू. तिकडे त्याचा कंद शिजवून, कुटून पोई करतात, आणि पोईचे भांडे उघडे असताना घरात भांडायचे नाही अशी रीत आहे. थोरला समोर असतो ना! कुटुंबासाठीचा ‘ओहाना’ हा शब्दही अळूच्या कंदाला फुटणाऱ्या पिल्लांच्या नावावरून, ‘ओहा’वरून आला.

याला निसर्गप्रेम म्हणणे मला तोकडे वाटते. प्रेम आटू शकते; नात्यात मान राखावा लागतो, देणे फेडावे लागते. ‘कुमुलिपो’ या दोन हजारांहून अधिक ओळींच्या सृष्टिगीतात आधी अंधार आहे, मग प्रवाळ, आणि माणूस कितीतरी नंतर. ही राजघराण्याची वंशावळ आहे, आणि तिच्या मुळाशी प्रवाळ आहे! 1893 साली राज्य हिरावले गेलेल्या राणी लिलिउओकालानी यांनी 1895 च्या कैदेत याच गीताचे भाषांतर हाती घेतले. 1897 मध्ये ते छापले गेले.

या नात्यातून घडलेली कला पाहायची तर कापा पाहावा. कापा म्हणजे वाउके नावाच्या झाडाच्या अंतर्सालीचे कापड. त्याचे काम कापडाच्या कितीतरी आधी, लागवडीपासून सुरू होते. रोप सरळ वाढावे म्हणून बाजूचे फुटवे वेळीच खुडायचे. नाहीतर फांदीच्या जागी सालीला भोक राहते. मग साल सोलायची, खरवडायची, भिजवायची, आंबवायची, आणि कोरीव लाकडी बडवण्याने बडवत राहायचे. बडवण्यावरची नक्षी कापडात उतरते आणि उजेडासमोर धरल्यावरच दिसते. वर बांबूचे ठसे आणि वनस्पतींचे रंग. पिवळा आपल्या ओळखीच्या हळदीचा. एकोणिसाव्या शतकात ही विद्या जवळजवळ लोपली. 1970 च्या दशकात ती पुन्हा उभी करणाऱ्यांनी संग्रहालयांतले जुने तुकडे अभ्यासले, पण तेवढ्याने भागणार नव्हते. त्यांना वाउके लावावे लागले. झाड नांदत नसेल तर कापा होत नाही.

म्हणूनच होनोलुलूच्या बिशप संग्रहालयातला राजा कामेहामेहाचा पिवळा झगा मला अस्वस्थ करतो. मामो पक्ष्यांची लाखो पिसे त्यात गुंफली आहेत. झगा आहे, मामो आज जगात कुठेही नाही. जंगले तुटली, बाहेरून आलेले प्राणी आणि रोग पसरले. पिसांसाठी झालेली पारधही हिशेबातून वगळता येत नाही. नाते मानले म्हणजे ते निभावले गेले, असे होत नाही. पुढच्या पिढ्यांना ते पुन्हा पुन्हा निभवावे लागते.

असा एक प्रसंग याच शतकात आला. हवाई विद्यापीठाने अळूचे तीन नवे वाण तयार केले आणि 2002 मध्ये त्यांचे पेटंट मिळवले. अळू पिकवणारे शेतकरी आणि मूळ हवाईयन लोक विरोधात उभे राहिले: थोरल्या भावावर कुणाची मालकी कशी असेल? 2006 मध्ये विद्यापीठाने तिन्ही पेटंटांवरचा हक्क सोडला.