गाजराचा रंग आणि सत्कार्यवाद

कार्य उत्पन्न होण्यापूर्वी कारणात असते की नसते, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद. सांख्यांच्या मते ते असते, पण अव्यक्त; हाच सत्कार्यवाद. नैयायिकांच्या मते कार्य हा नवा आरंभ. आधी ते नव्हतेच. गाजराच्या मुळाचे गुण पिढ्यांमधून कसे उतरतात, हे या वादाचे अतिशय बोलके उदाहरण आहे.

रानगाजराचे मूळ पांढरे असते. नारिंगी गाजराशी त्याचा संकर केला, की पहिल्या पिढीत पांढरी किंवा फिकट मुळे निघतात आणि नारिंगी रंग संपला असे वाटते. पुढच्या पिढीत तो परत येतो. या रंगावर मुख्यतः दोन जनुकांचा ताबा असतो. दोन्हींची अप्रभावी रूपे जुळली तरच मूळ गडद नारिंगी होते, म्हणजे ढोबळमानाने सोळांत एक. त्याहून महत्त्वाचे असे, की कॅरोटीन बनवण्याची क्षमता पांढऱ्या गाजरातही असते. त्याच्या हिरव्या पानांत ते बनतच असते. मुळात तेवढी आडकाठी असते. पातंजल योगसूत्रांच्या कैवल्यपादात नेमका हाच विचार आहे: निमित्त प्रकृतीला चालवत नाही, अडसर दूर करते. त्यांवरील व्यासभाष्यातला शेतकरी पाणी हाताने ओढून नेत नाही. बांध फोडतो आणि पाणी आपसूक पुढच्या वाफ्यात उतरते. पैदासकारही मुळात रंग घालत नाही, आड येणारी जनुके निवडीने बाजूला काढतो.

गोडीच्या बाबतीत मात्र सांख्यांचे उत्तर अपुरे पडते. एक विकर सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करते. त्याच्या जनुकात डीएनएचा उपरा तुकडा शिरून ते निकामी झाले, की मुळात सुक्रोजच साठते. तो तुकडा त्या जागी पूर्वजांत नव्हता. बदलण्याची शक्यता प्रकृतीत होतीच, असे सांख्य म्हणू शकतील. पण मग कशालाच नवे म्हणता येणार नाही आणि सिद्धान्ताची धारच जाईल. इथे नैयायिकांचे म्हणणे मान्य करावे लागते. देशी लाल गाजर आणि नॅन्टीस यांच्या संकरातून निवडलेल्या ‘पुसा केसर’ या वाणातला गुणांचा मेळही दोन्ही पालकांत तसाच्या तसा नव्हता.

बौद्धांचे शालिस्तंबसूत्र एकट्या बीजाला कारण मानत नाही. माती, पाणी, उष्णता, ऋतू सारे जुळावे लागते. गाजराचेही तेच बी कडक उन्हाळ्यात फिक्या रंगाची मुळे देते. म्हणून वंशातून आलेला गुण कोणता आणि हवामानाने दिलेला कोणता, हे ओळखण्यासाठी पैदासकार एकच वाण अनेक ठिकाणी, अनेक हंगामांत लावून पाहतात.