उंबरातील केंबरे आणि बोधिवृक्ष



दीक्षाभूमीवर गेलो की आपण बोधिवृक्षापुढे हात जोडतो. अनुराधपूरच्या महाबोधिवृक्षाच्या फांद्या भदन्त आनंद कौसल्यायन यांनी आणल्या, त्यांतून हा वृक्ष वाढला. पण हात कशासाठी जोडायचे? काल-परवापर्यंत आपल्याच घरांतून, पिंपळावर मुंजा असतो म्हणून दिवेलागणीनंतर मुलांना त्याखाली जाऊ देत नसत, आणि शनिवारी त्याच झाडाला पाणी घालत. मुंजाला काढून त्या जागी नवा देव बसवायचा असेल तर आपण मिळवले काय? हे असेल तर ते होते, हे नसेल तर ते होत नाही, असा तथागतांचा प्रतीत्यसमुत्पाद. तो या झाडातच पाहावा.

पिंपळाचे फळ फार लहान. म्हणून त्याच कुळातले, पिकायला आलेले उंबर घ्या आणि फोडा. 'उंबर फोडून केंबरे काढू नयेत' अशी म्हण आहे. आपण मात्र काढावीत. झाकून ठेवलेले उघडून पाहण्याची सवय आपल्याला लागलीच पाहिजे.

उंबराचे फूल कुणाला दिसत नाही, कारण ते फळाच्या पोटात असते. ज्याला आपण फळ म्हणतो ती शेकडो बारीक फुलांची बंद पिशवी. वारा आत शिरत नाही, मधमाशी शिरत नाही. शिरते ती एक सूक्ष्म गांधीलमाशी. देठासमोरच्या टोकाला असलेल्या अरुंद छिद्रातून घुसताना बहुधा तिचे पंखही तुटतात. दुसऱ्या झाडावरून आणलेले पराग ती फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. काही फुलांत झाडाचे बी धरते, काहींत माशीची पिल्ले वाढतात. पंख नसलेले नर आधी बाहेर पडतात आणि तिथेच मरतात. माद्या पराग घेऊन नवे झाड शोधायला उडतात. त्यांचे आयुष्य एक-दोन दिवसांचे.

पिंपळाची माशी वेगळी, उंबराची वेगळी. हवाई बेटांवर होनोलुलूत एक बोधिवृक्ष आहे. तो अनागारिक धर्मपालांनी मेरी फॉस्टर यांना दिलेल्या रोपाचा. त्या बेटांवर पिंपळाची माशी नव्हती, तेव्हा कित्येक वर्षे तिथल्या पिंपळांना फळे आली, पण बी धरले नाही. आपल्याकडे पिंपळ जुन्या भिंतीच्या फटीतही उगवतो, कारण माशी बी धरवते आणि हरियाल, बुलबुल, कोकीळ ते विष्ठेतून पेरतात.

आता सावध राहा. एखादा विद्वान लगेच म्हणेल, "बघा, आमचा गावगाडाही असाच! बलुतेदार सर्वांचे काम करी, सर्वजण त्याला पोशीत." त्याला विचारा, फळ कुणाला आणि पराग वाहणे कुणाला? मेलेली गुरे ओढणाऱ्याला शिळा तुकडा, आणि तोही वरून टाकलेला, याला परस्परांचे पोषण म्हणत नाहीत.

त्याच उंबरावर आणखी काही माश्या येतात. त्या आत शिरतच नाहीत. लांब सुईसारख्या अंगाने बाहेरूनच फळाला भोक पाडतात व अंडी घालतात. पराग आणायचे कष्ट नाहीत. पिल्ले मात्र दुसऱ्याच्या अन्नावर, काहींची तर दुसऱ्याच्या पिल्लांवर. गावगाड्याला उपमाच द्यायची तर ही द्यावी. तीही पूर्ण लागू पडत नाही, कारण माशी जन्मते तशीच मरते, तिला दुसरा मार्ग नाही. माणसाला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात बाबासाहेबांच्या मागे लाखोंनी तो घेतला.

येत्या रविवारी वंदना आटोपली की मुलांपुढे एक उंबर फोडा. भिंग मिळाले तर उत्तम. मागे लांब सुई असलेली माशी दिसली, तर ती कामाची की फुकटची, हे मुलांनाच ओळखू द्या.