कपाळावरचं मीठ

संध्याकाळी मालवणजवळच्या देवबागच्या टोकाला जाऊन बसा. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. काही करायचं नाही. श्वास आत येतो, बाहेर जातो, तिकडे नुसतं लक्ष असू द्या. थोड्या वेळाने ओठांवरून जीभ फिरवा. खारट लागेल. इथे सगळेच खारट असतात, रापण ओढून आलेला माणूस आणि पाण्यात डुंबून आलेलं पोरही. म्हणून नातवाच्या कपाळाची पापी घेताना आजीच्या ओठांना मीठ लागलं, तरी या किनाऱ्यावर ती थबकणार नाही.

युरोपात जुन्या काळी त्याच चवीची धास्ती होती. ज्या बाळाचं कपाळ खारट, ते फार दिवस राहत नाही, असं तिथे म्हणत. त्या समजुतीमागे बहुधा जो आजार होता, त्याला आज सिस्टिक फायब्रोसिस म्हणतात. न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी १९३८ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. १९४८ मध्ये त्या शहरात उष्णतेची लाट आली, तेव्हा गळून पडलेल्यांत हा आजार असलेली बरीच मुलं होती. त्यांच्या घामातून मीठ वाहून जात होतं.

आता पुन्हा श्वासाकडे या. या एका श्वासाबरोबर धूळ आली, बुरशीचे कण आले, जंतू आले. श्वासनळीच्या आतल्या भिंतीवर पाण्याचा अगदी पातळ थर असतो. त्यात केसांहून बारीक तंतू हलत असतात आणि वरचा चिकट स्राव, त्यात अडकलेल्या कचऱ्यासकट, घशाकडे लोटत राहतात. तुम्ही झोपता तेव्हाही हा केर निघत असतो. थोडा वेळ या कामाकडे मनाने पाहत राहा. आयुष्यभर आपण त्याची दखल घेतलेली नसते.

हा पाण्याचा थर टिकतो मिठामुळे. पेशी मीठ बाहेर सोडते आणि मिठामागून पाणी येतं. त्या वाटेवर एक दार आहे. ते घडवणारं जनुक १९८९ मध्ये सापडलं, सातव्या गुणसूत्रावर. मालवणसमोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभा आहे. चहूकडे खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. खारं कुठे थांबायचं, गोडं कुठे राहायचं, हे तिथे खडकाने सांभाळलं आहे. आपल्या देहात ते काम त्या लहानशा दारावर आहे. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये हेच दार बिघडतं. मग श्वासनळीत पाणी येत नाही, स्राव डिंकासारखा घट्ट होतो, तंतू रुततात. घामाच्या नळीत उलटं होतं. तिथे मीठ परत आत घेतलं जात नाही.

आणि मग जंतू मुक्काम करतात. स्यूडोमोनास नावाचा जंतू ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात, मोरीत राहतो. धडधाकट छातीत त्याचं काही चालत नाही. असाच दुसरा जंतू बुर्कहोल्डेरिया. त्याच्या एका जातीची ओळख तर १९५० मध्ये कांदा सडवणारा जंतू म्हणून झाली. अशांना संधिसाधू म्हणतात. मला या शब्दापाशी थांबावंसं वाटतं, कारण वैर त्यांच्यात नाही. ते जिथे होते तिथेच आहेत. झाडणारा हात थांबला, एवढंच घडलं. पण एकदा स्यूडोमोनास स्वतःभोवती चिकट कवच विणून बसला, की औषधंही त्याला सहजी उठवू शकत नाहीत, आणि फुप्फुस वर्षावर्षाने झिजत जातं.

यातली सर्वांत जड गोष्ट निराळीच आहे. हा आजार असलेल्या दोन मुलांनी एकमेकांजवळ बसायचं नसतं. एकाचा जंतू दुसऱ्याला जाऊ शकतो. ज्याला आपलं दुखणं न सांगता कळलं असतं, त्याच्यापासूनच लांब राहायचं. हे मनात धरून एक श्वास घ्या. घाई करू नका.

दिलासा पुन्हा मिठाचाच आहे. ऑस्ट्रेलियात लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्या अशा रुग्णांची छाती इतरांपेक्षा मोकळी असल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं. त्यातून समुद्राच्या दुप्पट खारं, सात टक्क्यांचं निर्जंतुक पाणी नेब्युलायझरने हुंगवण्याचा उपचार तपासला गेला आणि २००६ मध्ये त्याचा उपयोग सिद्ध झाला. दारच दुरुस्त करणाऱ्या गोळ्या २०१२ पासून आल्या. त्यांची किंमत मात्र आपल्याकडच्या सामान्य घराला पेलणारी नाही, आणि हा अन्याय आहे.

आपल्याकडे हा गोऱ्यांचा आजार समजला गेला. त्यामुळे कितीतरी मुलांचा खोकला क्षय म्हणून, दमा म्हणून, नाहीतर नुसती नजर म्हणून निघून गेला. आईला बोल लागला. खरं तर आई आणि वडील दोघांकडून एकेक बिघडलेलं जनुक यावं लागतं. दोघंही असं एक जनुक बाळगून असतील, तर प्रत्येक खेपेला चारांत एक शक्यता असते. यात दोष कुणाचाच नाही. निदानासाठी घाम गोळा करण्याचं स्वदेशी साधन दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी बनवलं, त्यालाही २००२ पासून बराच काळ लोटला.

अंधार पडला असेल. उठताना एवढं सोबत न्या. घरात एखादं मूल सारखं खोकत असेल, खाऊनही अंग धरत नसेल, त्याची शी तेलकट होत असेल, तर त्याचं अंग धुऊन पुसा, थोड्या वेळाने कपाळाची पापी घ्या, आणि खारट लागली तर डॉक्टरांना घामाची चाचणी करायला सांगा. नाही लागली, तरी विचारा.