आप्त कोण? अंगणवाडीच्या गुणवत्तेचा प्रमाणविचार

सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या बालशिक्षणाची गुणवत्ता कशावरून ठरवावी, हा प्रश्न वरवर पाहता प्रशासनाचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी ज्ञानशास्त्राचा, म्हणजे एखादी गोष्ट खरी आहे हे कशाच्या आधारे मानावे याचा विचार करणाऱ्या शास्त्राचा, एक जुना प्रश्न आहे. अमुक पाड्यावरच्या अंगणवाडीत मुले नीट वाढत आहेत, असे विधान जेव्हा शासनाच्या अहवालात केले जाते, तेव्हा ते कोणी पाहून केले, कशाने पडताळले आणि ते खोटे असल्यास कोणाच्या शब्दाने खोटे ठरेल, याचे उत्तर दिल्याशिवाय गुणवत्तेची चर्चा पुढे सरकत नाही. भारतीय परंपरेत या प्रश्नाचा अत्यंत काटेकोर विचार न्यायदर्शनाने केला आहे, आणि त्यातील शब्दप्रमाणाची, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यातून मिळणाऱ्या ज्ञानाची, मांडणी अंगणवाडी डोळ्यांसमोर ठेवून वाचली, तर लोकसहभाग या नावाने आज जे चालते त्याच्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार व आरोग्यशिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण अशा सहा सेवा तिने अंगणवाडीच्या एका छपराखाली आणल्या. यातील शिक्षणाच्या अंगाला निश्चित मानके मिळायला मात्र बराच काळ जावा लागला. २०१३ च्या राष्ट्रीय बाल्यावस्था संगोपन व शिक्षण धोरणाने ज्या गोष्टींत तडजोड चालणार नाही अशा किमान अटी घालून दिल्या: दररोज तीन ते चार तासांचा कार्यक्रम, ३० मुलांसाठी किमान ३५ चौरस मीटरची खोली आणि ३० चौरस मीटरची मोकळी जागा, तीन ते सहा वयाच्या २० मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती, आणि मातृभाषेतून अथवा स्थानिक भाषेतून चालणारा बालकेंद्री अभ्यासक्रम. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक बालकाला अंगणवाडीतून विनामूल्य आहार मिळण्याचा हक्क दिला आणि मूळ अनुसूचीत सर्वसाधारण बालकासाठी त्या आहाराचे प्रमाण ५०० किलोकॅलरी व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने असे नोंदवले.

अशा मानकांबद्दल तुच्छतेने बोलण्याची एक पद्धत विचारवंतांमध्ये रूढ आहे आणि ती गंभीरपणे तपासली पाहिजे. स्वीडनच्या गुनिला डालबर्ग, ब्रिटनचे पीटर मॉस आणि कॅनडाचे ॲलन पेन्स यांनी १९९९ मध्ये एकत्रितपणे लिहिलेल्या ग्रंथात असा युक्तिवाद केला, की बालशिक्षणातील गुणवत्ता ही कल्पना तटस्थ नसते. तिच्या पोटात विशिष्ट समाजाच्या मूल्यांचा आणि विशिष्ट तज्ज्ञांच्या अधिकाराचा वास असतो, आणि म्हणून मोजमापाच्या जागी संबंधितांच्या संवादातून अर्थ लावण्याची प्रक्रिया आली पाहिजे. युक्तिवादाचा पहिला भाग मान्य करण्यासारखा आहे. दुसरा भाग मात्र अशा देशांतून आलेला आहे जिथे बालकाच्या ताटात अन्न असणे ही गोष्ट बव्हंशी वादातीत झालेली आहे. मेळघाटात किंवा मोखाड्यात मोजमाप सोडून दिले, तर त्याची किंमत तज्ज्ञांना मोजावी लागणार नाही.

शिवाय गाव म्हणजे एकजिनसी, निष्पाप समूह नव्हे. अंगणवाडी कोणत्या आळीत भरते, मदतनीस कोणत्या जातीची आहे, तिच्या हातचे अन्न कोणाची मुले खातात आणि कोणाची आई डबा घेऊन घरी जाते, या गोष्टी गावातल्या सत्तेच्या रचनेनुसार ठरत आल्या आहेत. ज्या वस्तीचा शब्द गावात चालत नाही, तिला गावाच्या सद्भावनेवर सोपवणे हा अन्यायच होय. २००१ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजने दाखल केलेल्या अन्नहक्काच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी दिलेल्या आदेशाचे महत्त्व इथे कळते. सहा वर्षांखालील किमान ४० मुले असलेल्या आणि अंगणवाडी नसलेल्या ग्रामीण वस्तीने किंवा झोपडपट्टीने मागणी केल्यास तीन महिन्यांच्या आत तिथे अंगणवाडी सुरू झाली पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. इथे आकडा आहे, मुदत आहे आणि मागणी करणारा समूहही आहे. मात्र तो समूह म्हणजे संपूर्ण गाव नाही, ज्यांची मुले वंचित आहेत ती वस्ती आहे. मानक हे दुर्बलाच्या हातात दिलेले साधन कसे होऊ शकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण सार्वजनिक धोरणात क्वचितच सापडते.

असे असूनही मानकाला स्वतःची मर्यादा असते, आणि ती आकड्यांच्या उगमापाशी जाऊनच दिसते. महिन्याच्या वजनाच्या दिवशी वाशाला काटा टांगलेला असतो आणि काट्याला झोळी. मूल झोळीत बसायला तयार नसते; बसवले तर पाय झाडते, सुई थरथरत राहते, मदतनीस त्याला बोलण्यात गुंतवते, आणि सुई क्षणभर स्थिरावली की सेविका आकडा टिपते. मग दंडाला पट्टी गुंडाळून घेर पाहिला जातो, तो ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर मूल अति तीव्र कुपोषित गणले जाते. हे आकडे वहीत जातात, आणि २०२१ पासून पोषण ट्रॅकर या मोबाइल अ‍ॅपमध्ये जाऊन तिथून थेट दिल्लीपर्यंत दिसतात. या साखळीत खोटे काहीच नाही असे समजले, तरी एक गोष्ट तीत शिरू शकत नाही: हेच मूल दिवाळीनंतर आईबापांबरोबर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जाणार आहे, पावसाळ्याच्या तोंडाशी परतेपर्यंत त्याचे नाव पटावर राहील, आणि पटावरच्या त्या नावाच्या हिशेबाने वीस मुलांमागे एक हे प्रमाण मात्र बिनचूक पाळलेले दिसेल.

मग आकड्यांत न शिरणारी ही गोष्ट कोणाच्या सांगण्यावरून मानावी? नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, ज्ञानाची चार साधने मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यांतील शब्द म्हणजे कोणाचेही बोलणे नव्हे, तर आप्ताचे, विश्वासार्ह व्यक्तीचे, सांगणे. आप्त कोणाला म्हणावे, याची जी लक्षणे वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरील भाष्यात दिली आहेत ती आजही अपुरी वाटत नाहीत: त्या व्यक्तीला संबंधित गोष्टीचे साक्षात ज्ञान असले पाहिजे, तिच्या ठायी प्राणिमात्रांबद्दल दया असली पाहिजे, आणि जसे आहे तसे सांगण्याची इच्छा असली पाहिजे. याहून धाडसी गोष्ट अशी, की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते, असे भाष्यकार स्पष्टपणे सांगतो. विश्वासार्हता ही कुळावर, पदावर किंवा विद्येच्या शिक्क्यावर अवलंबून नसून ज्ञान, करुणा आणि सत्यकथनाची इच्छा यांवर अवलंबून आहे, असा याचा अर्थ होतो. ज्या समाजाने हे तत्त्व शास्त्रात लिहून ठेवले त्याने व्यवहारात ते किती पाळले, हा दुःखद इतिहास आहे. परंतु तत्त्वाचे बळ त्याने कमी होत नाही.

या कसोटीला लावून पाहता, अंगणवाडीच्या गुणवत्तेबाबत आप्त ठरणाऱ्या व्यक्ती बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या कार्यालयात फारशा सापडणार नाहीत. मूल आज ताटात किती टाकून उठले, कालपासून कोणाशी बोलत नाही, सेविकेने मराठीत विचारले तर गप्प राहते पण वारलीत किंवा कोरकूत विचारले तर खुलते, याचे साक्षात ज्ञान आईला, आजीला, मदतनीस बाईला असते. आईचे प्रत्येक विधान खरे असते असे यातून निघत नाही. आप्तवचनाच्या परीक्षेला नैयायिक तयारच असतात, कारण ज्ञानाचे खरेपण त्या ज्ञानातच दिसून येते हे मीमांसकांचे स्वतःप्रामाण्याचे मत त्यांना मान्य नाही. दूर चमकणारे पाणी खरे होते की मृगजळ, हे तिथे जाऊन तहान भागली की नाही यावरून कळते, असे त्यांचे म्हणणे आहे आणि यालाच परतःप्रामाण्य म्हणतात. ट्रॅकरवरील नोंद ही अ‍ॅपने स्वीकारली म्हणून खरी ठरत नाही. ती खरी की खोटी हे पाड्यावरच ठरते.

समूहाच्या साक्षीने संस्थेचे रूप कसे बदलते, याचा मोठा पुरावा महाराष्ट्रातच आहे. गिजुभाई बधेका यांच्यासह भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि अनुताई वाघ तिथे त्यांच्या सहकारी झाल्या. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीची शिस्त दोघींनाही पूर्ण परिचित होती, आणि त्या काळी बालशिक्षणाचे उच्च मानक तेच होते. परंतु वारली मुले शाळेत येईनात. या न येण्याचा अर्थ पालकांचे अज्ञान असा लावणे सोपे होते आणि तसा तो सर्वत्र लावला जातही होता. ताराबाईंनी तो साक्षीसारखा वाचला: पाड्यावरचे मूल गुरे राखते, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन हिंडते, म्हणून त्याची शाळा त्याच्या अंगणात आणि त्याच्या कुरणात भरली पाहिजे. त्यातून अंगणात भरणारी बालवाडी आली, गुराख्यांसाठी कुरणशाळा आली, आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र बांधणारी विकासवाडी आली, कारण धाकटे भावंड सांभाळले गेल्याशिवाय थोरली बहीण वर्गात बसू शकत नव्हती. महागड्या साधनांची जागा शिंपले, बिया, पाने आणि खडे यांनी घेतली. इंद्रियशिक्षणाचे तत्त्व तसेच राहिले. त्याची कसोटी मात्र वारली मुलाच्या हातात गेली. मानक मोडले असे याला म्हणता येणार नाही. ते ज्यांच्यासाठी होते त्यांच्या सांगण्यावरून ते दुरुस्त झाले, आणि सहकार्य या कल्पनेला एवढाच अर्थ असेल तरी तो पुरेसा आहे.

आज लोकसहभागाचा अर्थ पुष्कळदा याहून फार उणा होतो. गावाने श्रमदान करावे, वर्गणी काढून भिंती रंगवाव्यात, खेळणी आणि सतरंज्या द्याव्यात, आणि मग त्या अंगणवाडीला आदर्श म्हणून गौरवावे, असा तो प्रकार असतो. दातृत्वाला नावे ठेवण्याचे कारण नाही, परंतु ज्या सेवेसाठी राज्याने कायद्याने जबाबदारी घेतली आहे तिचा खर्च गरीब वस्तीवर दुसऱ्यांदा टाकणे हे सहकार्य होत नाही, आणि ज्या पाड्याकडे वर्गणी द्यायला काहीच नाही त्याची अंगणवाडी कायमची मागे राहते. ७ ऑक्टोबर २००४ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने पोषण आहाराच्या पुरवठ्यात ठेकेदार नकोत आणि धान्यखरेदी व स्वयंपाक शक्यतो ग्रामसमूह, बचत गट व महिला मंडळे यांच्यामार्फत व्हावा असे सांगितले होते. तिथे समूहाकडे पैसा आणि अधिकार जात होता. वर्गणीत तो समूहाकडून निघून जातो.

अंगणवाडीच्या गुणवत्तेच्या साक्षीदारांमध्ये एक जण असा आहे ज्याला शब्दांत सांगता येत नाही, तो म्हणजे मूल. नवजात बालकाचे हर्ष, भय, शोक आणि स्तन्याची ओढ यांचा दाखला न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात आत्म्याच्या नित्यत्वासाठी दिला आहे, कारण आधीच्या अनुभवाच्या स्मरणावाचून या गोष्टी संभवत नाहीत असे सूत्रकाराला वाटते. पुनर्जन्माचा हा निष्कर्ष कोणी मानो वा न मानो, इतक्या कठोर तर्कशास्त्राने तान्ह्या मुलाच्या हसण्या-रडण्याला पुराव्याचा दर्जा दिला, ही गोष्ट मन लावून पाहण्यासारखी आहे. धुरावरून जसे अग्नीचे अनुमान होते, तसे दारात पाऊल टाकताच आईचा पदर घट्ट धरणाऱ्या किंवा उलट तिचे बोट सोडून धावत सुटणाऱ्या मुलावरून त्या खोलीबद्दल अनुमान करता येते, आणि ते करण्यासाठी ज्याने रोज पाहिले आहे अशा माणसाची गरज असते.

रोज पाहणारी अशी व्यक्ती म्हणजे सेविका. ती त्याच गावची असते, तिच्याकडे साक्षात ज्ञान असते आणि बहुधा दयाही असते. आप्ताचे तिसरे लक्षण, जसे आहे तसे सांगण्याची इच्छा, हे मात्र तिच्या एकटीच्या हातात नाही. अति तीव्र कुपोषित मुलांची संख्या वाढलेली दाखवली की मुख्यसेविकेकडून विचारणा होते, नोटीस येते आणि दोष तिच्याच माथी येतो. मग काट्याची सुई थोडी पुढे वाचण्याचा मोह तिच्यापुढे व्यवस्थेनेच उभा केलेला असतो. मानधनावर, नोकरीच्या हमीशिवाय काम करणाऱ्या स्त्रीकडून निर्भय सत्यकथनाची अपेक्षा करणे म्हणजे तिच्यावर तपस्विनीचे ओझे टाकणे होय. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निर्णय दिला. त्याकडे सहसा कामगारहक्काच्या अंगाने पाहिले जाते, पण गुणवत्तेच्या दृष्टीनेही त्याचे मोल मोठे आहे, कारण जिच्या पायाखाली जमीन आहे तीच खरा आकडा लिहू शकते.

अन्नसुरक्षा कायद्याच्या २८ व्या कलमाने स्थानिक संस्थांवर सामाजिक अंकेक्षणाची, म्हणजे योजनेच्या नोंदी लाभार्थ्यांसमोर वाचून पडताळण्याची, जबाबदारी टाकली आहे. हे अंकेक्षण तालुक्याच्या सभागृहात झाले तर नोंदी नोंदींशी जुळवल्या जातात. अनुसूचित क्षेत्रात, पेसा, म्हणजे पंचायतराज व्यवस्था अशा क्षेत्रांत विस्तारणाऱ्या, कायद्याच्या २०१४ च्या महाराष्ट्र नियमांनुसार पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मिळून स्वतःची ग्रामसभा भरवता येते. अशा सभेत, वीटभट्टीवर जाणारी माणसे गावात असताना म्हणजे पावसाळ्यात, नोव्हेंबर ते मे या महिन्यांचा हजेरीपट नावानिशी आणि तिथल्या बोलीत वाचला गेला, तर आपले मूल त्या दिवशी कुठे होते हे सांगायला आई समोर बसलेली असते. तिने सांगितलेले त्याच पटावर, मूळ नोंदीच्या शेजारी, तिच्या नावाने लिहिले जावे, आणि दोन्हींत फरक पडला तर खुलासा सेविकेऐवजी प्रकल्प कार्यालयाकडून ठरावीक मुदतीत मागवला जावा, एवढी तरतूद करायला नव्या कायद्याची गरज पडू नये.