प्रवासी कशासाठी निघाला होता?

प्रवासवर्णन हातात आलं की मी आधी एकच गोष्ट शोधते: हा माणूस घराबाहेर का पडला? कुठे गेला, काय पाहिलं, हे नंतर. निघताना ज्याची गरज असते तेच माणसाला वाटेत ठळक दिसतं, आणि वाचकाच्या हाती जग येतं ते त्या गरजेतूनच.

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते घरचं कर्ज फेडायला. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तिथे दक्षिणा चांगली मिळेल, अशी खबर कोकणात पोचली होती. काकांबरोबर ते निघाले आणि वाटेतच बंडाची वार्ता कानी आली. पुढे झाशीच्या वेढ्यात ते अडकले. पोवाड्यांतली आणि पाठ्यपुस्तकांतली घोड्यावरची राणी आपल्या ओळखीची असते. गोडशांना ती आधी दिसते यजमान म्हणून. तिचा दिनक्रम, पूजाअर्चा, दानधर्म यांवर त्यांची नजर ठरते, कारण ती भिक्षुकाची नजर आहे. शहर पडल्यावर हीच नजर आपल्याला इतिहासाच्या ग्रंथांत सहसा न सापडणारं काही दाखवते. आधी सोनं-चांदी गेली, मग भांडीकुंडी, मग कपडेलत्ते आणि धान्य, अशी लूट कशी चढत गेली ते गोडसे सांगतात. ग्रंथांच्या नासाडीबद्दलही ते लिहितात. घरात काय असतं आणि ते गेल्यावर काय उरतं, हे घरासाठीच बाहेर पडलेल्या माणसाला नेमकं कळतं. मिळालेली दक्षिणाही लुटीत गेली. ते परत आले ते गंगेच्या पाण्याची कावड घेऊन.

‘माझा प्रवास’ त्यांनी १८८३ च्या सुमारास लिहिलं आणि चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ साली प्रसिद्ध केलं, बऱ्याच फेरफारांसह. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ ची. वाचायची तर तीच वाचावी.

पंडिता रमाबाईंचं निघणं वेगळं. आई-वडिलांबरोबर पुराणं सांगत तीर्थामागून तीर्थ त्या लहानपणापासून पायी हिंडल्या होत्या. दुष्काळात आई-वडील गेले, पुढे नवराही गेला. १८८६ साली त्या इंग्लंडहून फिलाडेल्फियाला गेल्या, निमित्त आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाचं. राहिल्या मात्र १८८८ च्या अखेरीपर्यंत. ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे त्यांचं पुस्तक १८८९ साली आलं. त्यात बोटीच्या प्रवासाला थोडी जागा आहे. बाकी सगळी जागा राज्यकारभार, शाळा, धर्मसंस्था, व्यापार आणि बायकांची स्थिती यांना आहे. विधवांसाठी शाळा काढायचं रमाबाईंनी ठरवलं होतं, म्हणून एखादी संस्था कोण चालवतं, पैसा कसा उभा राहतो, बायका सभा कशा भरवतात, याची चौकशी त्या गावोगाव करत राहिल्या. ही चौकशी वाचताना अमेरिकेचा जो सांगाडा डोळ्यांपुढे उभा राहतो, तो सृष्टिसौंदर्याच्या शंभर पानांनी उभा राहिला नसता. इंग्रजांचं राज्य झुगारून दिलेला हा देश एका पारतंत्र्यातल्या बाईला किती जवळचा वाटला असेल! तरीही काळ्या लोकांचा तिथे होणारा द्वेष आणि मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय त्यांनी झाकला नाही. मला हे पुस्तक आपल्या भाषेतल्या सर्वांत धीट पुस्तकांपैकी एक वाटतं.

मराठीत प्रवासवर्णनांची वाण कधीच नव्हती. मीना प्रभूंसारख्या लेखिकेने तुर्कस्तान, इजिप्त, इराण अशा एकेका देशाला एकेक पुस्तक दिलं. पण सहलीहून परतल्यावर लिहिलेली पुष्कळ पुस्तकं मला पुरी करवत नाहीत. लिहिणाऱ्याला तिथे काहीच हवं नसतं, त्यामुळे विमानतळ, हॉटेल आणि जेवणाची तक्रार एवढंच शिल्लक राहतं. माहिती तर आता फोनवरही मिळते.

गरजेतून पाहिलेलं एकांगी असणार, हा आक्षेप खरा आहे. त्याची पारख करायची उत्तम जागा म्हणजे परक्याने आपल्याबद्दल लिहिलेलं. बौद्ध ग्रंथांच्या शोधात चीनहून निघालेला ह्युएन त्संग सातव्या शतकात, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात, महाराष्ट्रात आला. इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलं. वाचताना आपण सुखावतो आणि लगेच शंका येते, हा किती जणांना भेटला होता? ही शंका इराणी, जपानी किंवा अमेरिकन माणसाचं वर्णन वाचताना आपल्याला क्वचितच येते. ती तिथेही यायला हवी. म्हणून एका देशावर एकच पुस्तक वाचून थांबू नये. वेगळ्या गरजेने गेलेल्या दुसऱ्या कुणाचं तरी शोधावं, आणि जमलं तर त्या देशातल्या माणसाने स्वतः लिहिलेलंही.

अमेरिकनांना मात्र रमाबाईंच्या नजरेतून स्वतःकडे पाहायला फार थांबावं लागलं. १८८९ च्या या मराठी पुस्तकाची इंग्रजी भाषांतरं तिथे प्रसिद्ध झाली २००३ साली.