चिंच, पितळ आणि आमची पुंगळी

दिवाळीच्या आधी आमच्या शिरगावातल्या घरात देवांना आंघोळ असते आणि मला कामाला जुंपलेलं असतं. देव्हाऱ्यातलं पितळ घासणं हे माझं खातं. वीस वर्षं बँकेत काढल्यावर माणसाला घरातही खातंच मिळतं! समई, निरांजन, घंटा, आणि शेवटी एक बोटाएवढी पितळी नळी, जिच्यात आम्ही उदबत्ती खोचतो. पाहुणे विचारतात, "ही कुठून आणलीत हो? छान आहे." बायको म्हणते, "यांच्याकडची जुनी आहे." मी समईच्या आड तोंड लपवतो. कारण ती बंदुकीच्या काडतुसाची रिकामी पुंगळी आहे. आणि चोरीची आहे.

कॉलेजात असताना खाकी कपड्यांच्या हौसेपायी मी एका कॅम्पला गेलो होतो. तिथला नियम असा की जेवढ्या गोळ्या दिल्या, तेवढ्या पुंगळ्या मोजून परत. गोळी कुठे गेली हे कुणी फारसं विचारत नाही (माझ्या निशाणाच्या आसपासही गेल्या नव्हत्या), पुंगळी कुठे गेली हे मात्र विचारतात. त्या दिवशी एक कमी भरली. मोजायला माझा मित्र होता. त्याने तीनदा मोजल्या. मग सगळे उन्हात गवत चाळायला लागले. सर्वांत मन लावून मी चाळत होतो, कारण पुंगळी माझ्या मोज्यात होती. शेवटी मित्राला चारचौघांत बोलणी बसली. मी गप्प. घरी आजीने विचारलं, "काय रे हे काळं?" मी म्हटलं, "सापडलं." तिने चिंचेचा कोळ लावून घासली, उदबत्ती खोचली आणि देवापुढे ठेवली. संपलं! चोरीचा माल पाच मिनिटांत सोवळ्यात गेला.

आमच्या शेजारचे काका अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले. ते एकदा उदबत्ती बाजूला काढून म्हणाले, "अहो, हे सत्तर-तीस आहे." म्हणजे सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. पुंगळीचं पितळ हेच. काकांना बोलतं करायला तेवढं पुरे झालं. गोळी सुटते तेव्हा पुंगळी फुगते आणि नळीला घट्ट बसते, म्हणून वायू मागे येत नाही. मग ती किंचित आकसते आणि बाहेर पडते. मेलेली नसते ती, नुसती दमलेली असते. परदेशात नेमबाजीचे शौकीन अशा पुंगळ्या घासून घरीच पुन्हा भरतात. आपल्याकडे दारूगोळ्याला परवाना लागतो, तेव्हा गॅलरीत तुळशीशेजारी करण्यासारखा हा छंद नव्हे. ते लोक फिरत्या पिंपात अक्रोडाच्या टरफलांचा भुगा किंवा मक्याच्या कणसांचा चुरा घालून पुंगळ्या तासन्‌तास घोळवतात. काही जण पाणी, पोलादाच्या बारीक सुया आणि लिंबाचं आम्ल वापरतात. म्हणजे हिंडून-फिरून आमच्या आजीच्या चिंचेवरच!

"पण घासायचं कशाला? गोळीला काय कळतंय?" मी विचारलं.

"चकाकी हा फायदा नाही," काका म्हणाले. "कचरा साच्याला ओरखडे पाडतो, हे एक. आणि मळ गेल्याशिवाय भेग दिसत नाही, हे दुसरं."

मग त्यांनी इंग्रजांच्या काळातली गोष्ट सांगितली. तेव्हा हिंदुस्थानात फौजेची काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. कुणी हात लावलेला नाही, गोळी झाडलेली नाही, तरी भेग! उलगडा झाला तो 1921 साली, मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांच्या संशोधनातून. पितळ ओढून पुंगळी घडवताना तिच्या अंगात ताण राहतो. पावसाळ्यात काडतुसं तबेल्यांजवळ ठेवलेली, घोड्यांच्या मुतातून अमोनिया उठायचा. आतला ताण आणि बाहेरची हवा एकत्र आली की पितळ तडकायचं. यावर घासणं हा इलाज नव्हता. इलाज एकच, पितळ बेताने तापवून आतला ताण काढणं. पुन्हा पुन्हा भरलेल्या पुंगळीचंही तेच. दर वेळी तिची मान जास्त कडक होते आणि एक दिवस तडकते. म्हणून मानेला मधूनमधून आच द्यावी लागते. (हे ऐकताना मला आमच्या बँकेतल्या पाच-सहा माना आठवल्या, पण ते असो.)

त्या रात्री माझी झोप उडाली. आपण सगळे स्वच्छ होतो ते कशासाठी? गटारी झाली की श्रावणभर घासून-पुसून लख्ख, आणि श्रावण संपला की पुन्हा भरणा! थकलेल्या कर्जाला नवं कर्ज देऊन खातं चकचकीत दिसावं तसंच. पुंगळी निदान भेग दिसावी म्हणून घासतात. आपण भेग दिसू नये म्हणून घासतो. मी दर दिवाळीला पंचवीस वर्षं चिंच लावत होतो ती पुंगळीला की त्या दिवशीच्या गप्प बसण्याला?

या दिवाळीला मी ती घासली नाही. रुमालात गुंडाळून खिशात टाकली. तो मित्र बदलापूर लोकलमध्ये अधूनमधून भेटतो. कल्याण सुटल्यावर गर्दी जरा हलली, तेव्हा ती काळी पुंगळी त्याच्या हातावर ठेवली आणि सांगून टाकलं. मला वाटलं, हसेल. निदान एक शिवी तरी देईल, म्हणजे आपण मोकळे!

विठ्ठलवाडी गेलं, उल्हासनगर गेलं. अंबरनाथला तो म्हणाला, "मला वाटायचं, मीच मोजायला चुकलो."

एवढंच. पण मग मला आठवलं, हा माणूस घराला कुलूप लावून दोनदा परत येतो. भाजीवाल्याकडची मोड तीनदा मोजतो. आम्ही ग्रुपमध्ये त्यावरून त्याची चेष्टा करतो. मीही करतो. चोरलेली पुंगळी काय, कुणालाही परत करता आली असती. त्याचा स्वतःच्या मोजण्यावरचा भरवसा मात्र मी पंचवीस वर्षं मोज्यात घालून हिंडत होतो. त्याला चिंच चालत नाही. आच लागते, ती मला आता कुठे लागली.

बदलापूर आलं. त्याने पुंगळी उजेडात धरून नीट पाहिली, "एक," असं स्वतःशीच मोजलं आणि खिशात घातली. जाताना हात केला, वळून पाहिलं नाही.

आमच्या देवापुढे सध्या उदबत्ती केळ्यात खोचलेली असते. बायको विचारते, "ती नळी कुठे गेली हो?"

मी म्हणतो, "जमा झाली."